सव्वादोन वर्षांचं लेकरू आणि थीम पार्क – न्यावं का नाही? (परभणीहून)

परभणीची_लेक

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्ट्यांत आमच्या घरचे सगळे मिळून इमॅजिकाला जायचं म्हणायलेत. मोठ्या जाऊबाईंची दोन पोरं, एक सातवीत आणि एक तिसरीत, त्यांनी नुसता धोशा लावलाय, तिथल्या नायट्रो कोस्टरचे व्हिडिओ बघू बघू पाठ झालेत त्यांचे. सोबत सासूबाई, मोठे भाऊजी, जाऊबाई, आम्ही दोघं आणि आमचं लेकरू. ते दिवाळीत सव्वादोन वर्षांचं होईल. पळतंय, बोलतंय बऱ्यापैकी, पण दुपारची झोप लागतेच, झोप झाली नाही तर संध्याकाळी कुणालाच ऐकत नाही. प्रवासात डायपर लागतो.

भाऊजी म्हणतात पहाटे गाडीनं निघू, पुण्यात मुक्काम करू, दुसऱ्या दिवशी पार्क. सासूबाई म्हणतात लेकरू माझ्याजवळ घरी ठेवा, तुम्ही जाऊन या. मला त्याला सोडून जायचं नाही, ते कधी राहिलेलं नाही माझ्याशिवाय. आणि सासूबाईंनी तरी का म्हणून घरी राहायचं? त्यांनाही बघायचंय, बोलून दाखवत नाहीत एवढंच, मला कळतंय ना. तर कुणी एवढं लहान लेकरू घेऊन गेलंय का, त्याला तिथं काय करता येतं, तिकीट लागतं का, आणि मुळात न्यावं का नाही हे सांगा. लवकर सांगा, बुकिंग करायचंय.

बीडचा_सारथी

ताई, आम्ही गेलतो पोरगी अडीच वर्षांची असताना. आधी रस्त्याचं सांगतो. इमॅजिका पुण्याच्या पुढं, खोपोलीजवळ आहे, एक्सप्रेसवेवरून आत जावं लागतं. परभणीहून पुण्यापर्यंतच पूर्ण दिवस जातो बरका, बीड, नगर, रांजणगाव करत. लेकरू सोबत असलं की दर दोन तासाला थांबायचं धरूनच चाला. मागच्या सीटवर मांडीवर घेऊन बसायची आपल्याकडं सवय आहे पण ती सोडा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९४ब कलम आलंय, चौदा वर्षांखालच्या लेकराला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसली तर १००० रुपये दंड. दंडाचं राहू द्या, अचानक ब्रेक लागला तर मांडीवरचं लेकरू हातात राहत नसतं. मी रोज गाडी चालवतो, मी बघितलंय. एका दिवसासाठी चाइल्ड सीट भाड्यानं पण मिळते मोठ्या शहरात.

आता पार्कचं. तिकीट वयावर नाही, उंचीवर असतं. तुमच्या लेकराला चालतील असे पाळणे आहेत, टबी हत्तीचा उडता पाळणा आहे, घोड्यांचा गोल पाळणा आहे, अजून दोनचार बारकी चाकं आहेत. बाकी मोठ्या राइड म्हणजे नायट्रो, डेअर टू ड्रॉप, स्क्रीम मशीन, याच्यात लेकराचं काही काम नाही, उंचीची पट्टी लावूनच ठेवलेली असते तिथं. सलीमगढ अंधारातलं भुताचं, राजासॉरसमध्ये अंधार आणि शेवटी पाण्यात आपटणं, तिकडं फिरकू पण नका त्याला घेऊन. आमची पोरगी सगळ्यात जास्त कशात रमली सांगू का? कारंज्याजवळ. नुसतं पाणी वर गेलं की टाळ्या. तिथून हलायलाच तयार नाही.

सिस्टर_लातूर

मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, घरी दोन लेकरं आहेत, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगते.

पहिलं, आज घरी भिंतीला उभं करून उंची मोजा, चप्पल काढून, टाच भिंतीला टेकवून. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलाची सरासरी उंची साधारण ८७ सेंमी आणि तीन वर्षांच्या मुलाची ९६ सेंमी धरलेली आहे, मुलींची त्याच्यापेक्षा थोडी कमी. म्हणजे तुमचं लेकरू पार्काच्या फुकट आणि तिकिटाच्या रेषेवरच उभं असणार. ज्या पार्कला जायचं त्याच्या साइटवरची उंची आणि घरी मोजलेली उंची जुळवून बघा, गेटवर घोळ होत नाही.

दुसरं, ती उंचीची पट्टी पैशासाठी नसते, ती ऐकायची असते. राइडचा जो दांडा किंवा पट्टा असतो तो ठराविक अंगाच्या माणसासाठी बनवलेला असतो. बारक्या लेकराच्या पोटावर तो नीट बसत नाही, आणि या वयात डोकं अंगाच्या मानानं मोठं आणि मानेचे स्नायू कच्चे असतात. झटका बसला की सगळा ताण मानेवर. "मी घट्ट धरते" असं म्हणून कर्मचाऱ्याशी वाद घालणारे आईबाप मी स्वतः बघितलेत, कृपा करून तसं करू नका.

तिसरं, झोप. एक ते दोन वर्षांच्या लेकराला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, तीन वर्षांच्यालाही १० ते १३. त्यातली दुपारची मोडली की पुढचं सगळं मोडतं. पार्कमध्ये दीड वाजता लेकरू रडायलंय ते बहुतेक वेळा राइडला घाबरून नसतं, त्याला झोप आलेली असते आणि आपण त्याला आइस्क्रीम देत असतो.

आणि एक, तो मोठ्या डोक्याचा नाचणारा बाहुला असतो ना, कार्टूनचा वेष घातलेला माणूस, त्याच्याजवळ फोटोसाठी ढकलू नका. दोनअडीच वर्षांच्या लेकराला आत माणूस आहे हे समजत नसतं, ते खरंच घाबरतं. लांबून हात हलवू द्या, जवळ जायचं असलं तर ते आपणहून जाईल.

जालनेकर

एवढं लांब जायचंच कशाला म्हणतो मी. शिर्डी करा. समृद्धीवरून जालन्याहून शिर्डी किती जवळ झालंय आता, डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी टप्पा उघडला तेव्हापासून आमचं तर निम्म्या वेळेत जाणं होतंय. दर्शन पण होतंय आणि तिथं साई तीर्थ म्हणून थीम पार्क आहे, बाजूला वेट अँड जॉय वॉटर पार्क आहे. साई तीर्थ सगळं आतमध्ये, एसीत, ऊन नाही. तीर्थयात्रा म्हणून एक राइड आहे, बसून हळूहळू पुढं जायचं आणि दोन्ही बाजूला देशातली मंदिरं, आमच्या आईनं तिथं प्रत्येक मंदिराला हात जोडले. आईला घेऊन गेलेलं एकच पार्क आहे जिथं ती "चला आता" म्हणाली नाही.

फक्त लंकादहनचा फाइव्ह डी शो आहे तिथं लेकराला नेऊ नका. खुर्ची हलती, अंगावर पाणी उडतं, आवाज मोठा. आमच्या पुतणीनं दुसऱ्या मिनिटाला किंकाळी फोडली, भावाला अंधारात चाचपडत बाहेर यावं लागलं.

समृद्धीवर चढायच्या आधी लेकराची शू, खाणं, कपडे सगळं उरकून घ्या. मध्ये वाटेल तिथं थांबता येत नाही.

परभणीची_लेक

उंची मोजली, ८७ आली. सिस्टर, तुमच्या तक्त्यातलंच लेकरू निघालं.

शिर्डीचं सासूबाईंना फार आवडलं. पण मोठी पोरं ऐकायला तयार नाहीत, सातवीतला म्हणतोय मंदिरं बघायला पार्क कशाला, मला उलटा फिरणारा कोस्टर पाहिजे. त्याचंही बरोबर आहे, वर्षभर वाट बघितलीय त्यानं. आता तेराचं पोरगं, तिसरीतली पोरगी, सव्वादोनचं लेकरू आणि पासष्टीच्या आजी, सगळ्यांना एकाच जागी कसं बसवावं हेच कळेना.

कडा_आष्टीकर

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. तीन वर्षांखालच्या लेकराला पार्कला नेणं म्हणजे त्याचे हाल आणि आपले पैसे वाया. त्याला काही आठवणार नाही. त्याला आजीजवळ ठेवा, तुम्ही नवरा बायको दोन दिवस मोकळे फिरा, पोरं झाल्यापासून कुठं गेलात का तुम्ही दोघं? लेकरू आजीजवळ मजेत राहतंय, आपल्यालाच उगं वाटतंय. पाच वर्षांचं झालं की न्या, तेव्हा दहा राइडमध्ये बसेल.

औशाची_आजी

कडा आष्टीकर यांना उत्तर देते. आठवणार नाही म्हणून नेऊ नका असं म्हटलं तर मग लेकराला अंगाई पण म्हणायची नाही का, ते पण आठवत नसतं. माझ्या नातीला मी तिच्या दुसऱ्या वर्षी सिद्धेश्वरच्या यात्रेत नेलं होतं लातूरला. तिला आज काही आठवत नाही, पण मला आठवतं की, तिनं पहिल्यांदा आकाशपाळणा बघून "चाक, चाक" म्हटलेलं. ते माझं आहे. माणूस लेकरासाठीच जातं असं नाही, लेकरासोबत जातं.

दुसरी गोष्ट जी कुणी बोलत नाही ती मी बोलते. घरी ठेवा म्हटलं की आजीजवळ, आणि पार्कला नेलं तरी आजीजवळ. मी दोन पार्क बघितले म्हणजे काय बघितलं, तर बाकडं बघितलं. सगळे राइडला जातात, सगळ्यांच्या पर्सा, मोबाईल, चपला, लेकरू आणि डायपरची पिशवी माझ्याजवळ. "आई तुम्ही बसा निवांत, आम्ही आलोच," आणि मग दीड तास लाइनीत. लेकरू आईसाठी रडायलंय, माझे गुडघे दुखायलेत, कडेवर घेऊन किती फिरणार. मला लेकराचं करायला आवडतं, मनापासून आवडतं, पण पाचशे हजाराचं तिकीट काढून सामान राखायला नको वाटतं हो.

परभणीच्या सूनबाई, तुम्ही सासूबाईंना बघायचंय हे ओळखलं, फार बरं वाटलं वाचून. त्यांना नेणार असाल तर त्यांच्यासाठी काय आहे ते आधीच शोधून ठेवा आणि लेकराजवळ कोण कधी बसणार ते घरूनच ठरवून निघा. तिथं गेल्यावर ठरत नसतं, तिथं जो नाही म्हणू शकत नाही तो बसतो.

उदगीरचा_तात्या (सध्या फ्लोरिडा)

आजींनी लाख मोलाचं सांगितलं. इकडं डिस्नेच्या पार्कात तीन वर्षांखालच्या लेकराला तिकीट नसतं, आणि याच कारणासाठी तिथं एक पद्धत आहे, रायडर स्विच म्हणतात. आईबापातला एकजण राइडला जातो, दुसरा लेकराजवळ थांबतो, पहिला आला की दुसऱ्याला पुन्हा सगळी लाइन न लावता आत सोडतात. आपल्याकडं पण लाइनीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला लेकरू दाखवून नीट विचारलं तर कधी कधी सोडतात, विचारून बघायला काय जातंय.

आणि एक जुनी गोष्ट सांगतो. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन पोरींना शनिवारी लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात घोड्यांच्या गोल पाळण्यावर न्यायचा. पोरी पाळण्यात आणि हा बाकड्यावर शेंगदाणे खात बसलेला. तिथं त्याला वाटलं की आईबाप आणि लेकरं मिळून मजा करतील अशी जागा पाहिजे. त्यातून पुढं १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं. हे त्यानं स्वतः सांगितलेलं आहे. म्हणजे थीम पार्क ही गोष्टच बाकड्यावर बसून कंटाळलेल्या माणसानं काढलीय, आणि आपण पुन्हा आजीला बाकड्यावर बसवतो.

नांदेडचा_गोदाकाठ

परभणीकरांनो तुम्ही उलट्या दिशेला बघायलात. पुणं सोडा, हैदराबाद धरा! परभणीहून सरळ रेल्वे आहे. देवगिरी सकाळी परभणीला येते, दुपारी सिकंदराबाद. दिवसाचा प्रवास, लेकरू खिडकीत. पाच वर्षांखालच्याला रेल्वेत तिकीटच नाही, वेगळी बर्थ मागितली तरच पैसे. नांदेड, धर्माबाद झालं की बासरजवळ गोदावरीचा पूल येतो, त्या पुलावर आमचं लेकरू प्रत्येक वेळी ओरडतं, "पाणीऽऽ". गाडीत चाइल्ड सीटमध्ये सहा तास बांधून नेण्यापेक्षा हे किती बरं, उठता येतं, चालता येतं, झोपवता येतं, संडास आहे.

हैदराबादला तुमच्या सगळ्यांचं एकाच गावात होतंय. मोठ्या पोरांना वंडरला पार्क, आउटर रिंग रोडला लागून रावीर्यालला आहे, २०१६ ला उघडलं. उलटा कोस्टर पाहिजे ना, तिथं रिकॉइल म्हणून आहे, पुढं नेतो आणि तसाच मागं मागं आणतो. कोरड्या आणि पाण्याच्या दोन्ही राइड एकाच तिकिटात. ८५ सेंमीच्या खाली असलं तर फुकट, त्याच्या वर १४० पर्यंत लहानांचं तिकीट, म्हणजे तुमच्या ८७ ला तिकीट लागणार. आणि लेकरासाठी सगळ्यात भारी म्हणजे नेहरू प्राणिसंग्रहालय, मीर आलम तलावाला लागून, १९६३ पासून आहे. छोटी रेल्वे आहे, बॅटरीच्या गाड्या आहेत, आजींना चालावं लागत नाही. फक्त सोमवारी बंद, ते बघून जा.

रामोजी फिल्म सिटी पण सगळे सांगतील. जागा चांगलीच आहे, १९९६ पासूनची, जगातला सगळ्यात मोठा स्टुडिओ म्हणून गिनीजमध्ये नाव आहे. पण सव्वादोनच्या लेकराला घेऊन मी नेणार नाही. पूर्ण दिवस बसमध्ये चढा, उतरा, चाला, परत चढा, दुपारची झोप कुठंच बसत नाही. चार पाच वर्षांचं झालं की जा, फंडुस्तान नावाचा लहानांचा भाग आहे तिथं.

परभणीची_लेक

गोदाकाठ दादा, तुम्ही तर घरातलं भांडणच मिटवलं. रिकॉइलचा व्हिडिओ दाखवला, सातवीतले साहेब गप्प झाले, लगेच "चालेल" म्हणाले. सासूबाईंना प्राणिसंग्रहालयाचं सांगितलं तर म्हणतात वाघ बघितलाच नाही मी कधी, संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात पण जायचं राहून गेलं. भाऊजींना गाडी चालवायची नाही म्हटल्यावर तेही खूश. बुकिंग झालं.

आता पाण्याचं विचारायचंय. वंडरलात लहानांचं पाण्याचं ठिकाण आहे म्हणतात, लेकराला उतरवावं का? आणि खाण्याचं काय, बाहेरचं नेऊ देतात का?

सिस्टर_लातूर

पाण्यात उतरवा, पण लहानांच्याच तळ्यात, आणि कुणीतरी एकजण हाताच्या अंतरावर, मोबाईल बाजूला ठेवून. मी हे कडक बोलते कारण या वयाचं लेकरू बुडतं ते ओरडत नाही, हातपाय मारत नाही, गुपचूप तोंडावर पडतं आणि डोकं जड असल्यानं उठता येत नाही. घोट्याएवढं पाणी पुरतं. "सगळे आहेत ना बघायला" हेच सगळ्यात धोक्याचं, सगळे आहेत म्हणजे कुणीच बघत नसतं. एकाचं नाव घ्या, आता तुम्ही, अर्ध्या तासानं मी. लाटांच्या तळ्यात अजिबात नाही, कडेवर घेऊन पण नाही, लाटेनं मोठ्या माणसाचाच पाय सुटतो.

साधा डायपर पाण्यात फुगतो आणि फाटतो, पोहायचा वेगळा डायपर मिळतो तो घ्या. नायलॉनचे कपडे लागतातच, सुती कपड्यांत उतरू देत नाहीत. पाण्यातून काढलं की लगेच कोरडं करून पूर्ण बाह्यांचं घाला, ओठ निळसर दिसले किंवा कापायला लागलं तर पाणी बंद, कितीही रडलं तरी.

ओआरएसची पाकिटं घरूनच न्या. २१ ग्रॅमचं मोठं पाकीट असलं तर पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट अंदाजानं ग्लासात असं करू नका, मीठ जास्त झालं तर त्रास होतो. आणि दुकानात ओआरएस नावाचे गोड ज्यूसचे डबे मिळायचे ते ओआरएस नव्हतेच, ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, ते नाव वापरायला बंदी घातली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं बघून घ्या.

जिंतूरची_सुगरण

खाण्याचं मी सांगते! मोठ्या पार्कात बाहेरचं आत नेऊ देत नाहीत, पण लेकराच्या खाण्याला सूट असते, पिशवी तपासताना आपणहून उघडून दाखवायचं, लपवायचं नाही. लेकराला मऊ मुगाची खिचडी थर्मासमध्ये सकाळी भरून, दुपारपर्यंत गरम राहते. दशम्या दुधातल्या, गूळ घालून, त्या दोन दिवस टिकतात आणि लेकरं हातात धरून खातात. राजगिऱ्याचे लाडू. केळी. मोठ्यांसाठी रेल्वेत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या, दही मात्र वेगळ्या डब्यात, नाहीतर पिशवी आंबते.

नवीन काही खाऊ घालू नका तिथं. पार्कातलं चीज कॉर्न, रंगीत बर्फाचा गोळा, हे सगळं तिथंच पहिल्यांदा दिलं आणि पोट बिघडलं तर लॉजवर रात्र काढणं काय असतं ते मी बघितलंय. आणि दूध पीत असेल तर आधी जागा विचारून ठेवा. एका वॉटर पार्कात मला कपडे बदलायच्या ओल्या खोलीत उभं राहून पाजावं लागलं होतं, बाहेर बायका दार वाजवायल्या. पार्कवाल्यांनी खरंच याचा विचार करायला पाहिजे, एवढं मोठं पार्क बांधता, एक कोरडी खोली आणि दोन खुर्च्या जमत नाहीत का.

बीडचा_सारथी

एक राहिलं. लेकराच्या हातावर पेनानं तुमचा मोबाईल नंबर लिहा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा, पाण्यात लगेच जात नाही. आत शिरल्या शिरल्या त्याचा त्या दिवशीच्या कपड्यात एक फोटो काढा. हरवलं तर "लाल शर्ट" म्हणून भागत नाही, दिवाळीत निम्मी लेकरं लाल शर्टात असतात.

परभणीची_लेक

मंडळी, जाऊन आलो!! सविस्तर लिहिते म्हणजे पुढच्यांना उपयोग होईल.

रेल्वेचा सल्ला एक नंबर. लेकरू पूर्णेपर्यंत खिडकीत, मग झोपलं ते निजामाबादच्या अलीकडं उठलं, त्यामुळं गोदावरीचा पूल त्याचा हुकला पण सासूबाईंनी पुलावरून नाणं टाकलं आणि हात जोडले. त्या दिवशी फक्त लॉजवर आराम केला, कुठं गेलो नाही. दुसऱ्या दिवशी प्राणिसंग्रहालय सगळ्यांनी मिळून. मोठी पोरं आधी तोंड वाकडं करून होती, पांढरा वाघ दिसला तेव्हा तीच पुढं पळाली. लेकराला वाघाचं काही नाही, त्याला छोटी रेल्वे. उतरवलं की "पुन्ना". तिथल्या रांगेत ह्यांनी उभं राहायचं आणि आम्ही सावलीत बसायचं असं चाललं.

तिसऱ्या दिवशी वंडरला. औशाच्या आजींचं वाचून आम्ही रेल्वेतच बसून वाटणी केली होती. सकाळी उघडल्याबरोबर भाऊजी आणि मोठी पोरं कोस्टरकडं, आम्ही बाकीचे लहानांच्या पाळण्यांकडं. तिथं सकाळी गर्दी नसतीच, सगळे मोठ्या राइडकडं पळालेले असतात, एकेका पाळण्यात लगोलग दोनदा बसता आलं. गोल घोड्यांच्या पाळण्यात मी लेकराला घेऊन चढले तर सासूबाई खाली उभ्या. म्हटलं चला की तुम्ही पण. नाही नाही म्हणाल्या, साडी आहे म्हणाल्या, मग जाऊबाईंनी हात धरून चढवलंच. घोड्यावर नाही, त्याच पाळण्यात बसायची रथासारखी सीट असते त्याच्यात. दुसरी फेरी त्यांनी स्वतः मागितली.

साडेबाराला खिचडी, एक वाजता लेकरू सावलीत झोपलं, मी त्याच्याजवळ. तेवढ्यात हे, जाऊबाई आणि सासूबाई पाण्याकडं जाऊन आले, सासूबाई पाय बुडवून बसल्या होत्या म्हणे. नंतर हे आले लेकराजवळ आणि मी जाऊबाईंसोबत ट्यूबच्या घसरगुंडीवर. लग्नानंतर पहिल्यांदा एवढी मोठ्यानं ओरडले असेन. लेकरू तीनला उठलं, मग लहानांचं तळं, अर्धा तास, सिस्टरांनी सांगितलं तसं नाव घेऊन घेऊन माणूस बदलला. साडेचारला त्याचं पुरे झालं हे दिसायलंच होतं, डोळे चोळायलं, चप्पल फेकायलं. आम्ही चौघं निघालो, भाऊजी आणि पोरं बंद होईपर्यंत थांबली. सातवीतला रिकॉइलमध्ये किती वेळा बसला त्याचं गणित अजून चालू आहे.

एक नाचणारा बाहुला आला होता, आम्ही लांब उभे राहिलो. लेकरानं माझ्या पदराआडून हात हलवला आणि तेवढंच.

कडा_आष्टीकर

वाचून आनंद झाला ताई. वाटणी करून गेलात म्हणून जमलं हे मान्य. मी घरी हे वाचून दाखवलं, आमच्या आई म्हणाल्या मलापण त्या रथात बसायचंय. आमचं लेकरू पावणेदोनचं आहे, आता आम्ही शिर्डी धरतोय, जानेवारीत. जालनेकर, तीर्थयात्रा राइडला लेकरू मांडीवर चालतं का?

जालनेकर

आमच्या पुतणीला भावानं शेजारी बसवून नेलं होतं, हळू चालणारी आहे. चढताना तिथल्या माणसाला लेकरू दाखवून विचाराच. साई तीर्थ पूर्ण दिवसाचं धरू नका, सकाळी लवकर दर्शन, मग लेकराची झोप लॉजवर, आणि उठल्यावर पार्क असं करा. जानेवारीत सकाळी शिर्डीत थंडी असती, कानटोपी घ्या. वॉटर पार्क त्या थंडीत लेकराला नको.

हिंगोलीकर_नवीन

मी नवीन आहे इथं. परभणीच्या ताई, तुम्ही बाबागाडी नेली होती का? आमच्याकडं मोठी आहे, दुमडत नाही.

परभणीची_लेक

मोठी नेऊ नका दादा, रेल्वेत चढवताना जीव जातो आणि प्राणिसंग्रहालयात चढउतार आहे. आम्ही छत्रीसारखी दुमडणारी हलकी घेतली होती जाऊबाईंच्या माहेरहून मागून. लेकरू त्याच्यात फार बसलं नाही, पण दुपारी त्याच्यातच झोपलं आणि बाकी वेळ पिशव्या ठेवायला झाली, आजींच्या खांद्यावर काही आलं नाही. वरून पातळ सुती ओढणी टाका उन्हासाठी, जाड दुपट्टा नको, आत गरम होतं. आणि चाकाला ब्रेक आहे का ते बघूनच घ्या.